दंगलीच्या आधीचा फोन : ख्रिस्ती-मुस्लिम तणावात सामाजिक संस्था नेमके काय करतात?

अंजूर (भिवंडी) : अंजूरफाट्यावर उभे राहिले की एक रस्ता माणकोलीकडे जातो आणि दुसरा कामण-चिंचोटीमार्गे वसईकडे. फाट्याजवळच भिवंडी रोड स्टेशन आहे, तिथून वसईची गाडी मिळते. या टोकाला यंत्रमागांची, मस्जिदींची भिवंडी आणि त्या टोकाला चर्चची, केळी-फुलांच्या वाड्यांची वसई. मधे गोदामे आणि आगरी-कोळी गावे. अंतर इतके कमी, पण भिवंडीचा मुसलमान आणि वसईचा ख्रिस्ती एकमेकांना ओळखतात ते बहुतेक मोबाईलवर फिरत आलेल्या मेसेजमधून. आणि गेल्या काही वर्षांत हे मेसेज काही चांगले नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये संसदेत वक्फ दुरुस्ती विधेयक आले, तेव्हा केरळच्या कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या राज्यातील खासदारांना विधेयकाच्या बाजूने मत देण्याचे आवाहन केले. अनेक मुस्लिम वाचकांना ही गोष्ट लागली. ‘जे कालपर्यंत आपल्याबरोबर अल्पसंख्याक म्हणून उभे होते, ते आज असे का?’ हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला. उत्तर एका किनाऱ्यावरच्या गावात आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातील मुनंबम येथे सुमारे ४०० एकर जमीन १९५० मध्ये फारूक कॉलेजला देण्यात आली होती. पुढे कॉलेजने त्यातील जमीन तिथे राहणाऱ्या लोकांना विकली. २०१९ मध्ये वक्फ बोर्डाने ती वक्फ म्हणून नोंदवली आणि सुमारे ६०० कुटुंबांवर, ज्यात बहुसंख्य लॅटिन कॅथलिक मच्छीमार आहेत, टांगती तलवार आली. पैसे मोजून घेतलेले घर हातचे जाईल या भीतीने ते साखळी उपोषणाला बसले.

म्हणजे मुळात हा कागदपत्रांचा वाद. एका बाजूला वक्फचा हक्क, दुसऱ्या बाजूला खरेदीखत. पण तो कागदावरून उतरून फोनवर आला तेव्हा त्याचा ‘मुसलमान चर्चची जमीन घेताहेत’ असा मेसेज झाला, आणि उलट बाजूने ‘चर्च मुसलमानांच्या विरोधात गेले’ असा. दोन्ही मेसेज वसई आणि भिवंडीपर्यंत पोचले. मुनंबमचा नकाशा मात्र कोणी पाहिला नव्हता.

या काळात एक गोष्ट चांगली घडली, ती फारशी छापून आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळच्या मुस्लिम संघटनांनी एकत्र बसून भूमिका घेतली की तिथल्या रहिवाशांना घराबाहेर काढू नये, सरकारने तोडगा काढावा. त्यानंतर पाणक्काडचे सादिकअली शिहाब थंगल स्वतः वरापुळा येथील आर्चबिशपांच्या निवासस्थानी गेले आणि चर्चच्या धर्मगुरूंशी बोलले. थंगल हे राजकीय पक्षाचेही पुढारी आहेत, त्यामुळे या भेटीत राजकारण नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरी भेट झाली. भेटीने खटला मिटला नाही. पण वाद जमिनीचा आहे, दीनाचा नाही, हे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी एका खोलीत बसून मान्य केले. याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये पाला येथील बिशपांच्या ‘नार्कोटिक जिहाद’ या वक्तव्याने असाच धुरळा उडाला होता, तेव्हा कार्डिनल क्लीमिस यांनी तिरुवनंतपुरमला सर्वधर्मीय बैठक बोलावली होती.

आता मूळ प्रश्न. असा तणाव आला की बिगरसरकारी संस्था, समित्या, मंच म्हणजे कोण आणि ते करतात तरी काय? मेणबत्ती घेऊन रॅली, इफ्तार पार्टी आणि व्यासपीठावर चार धर्माची चार माणसे, एवढेच का? हे समजून घ्यायला केरळला जायची गरज नाही. उत्तराचा मोठा भाग भिवंडीतच आहे.

भिवंडीच्या दंगली हिंदू-मुस्लिम होत्या. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून पेटलेली, आणि मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे व मुंबई मिळून अडीचशेहून अधिक जीव घेणारी. भिवंडी म्हणजे दंगल, असे नाव पडले होते. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. त्यांनी आधी १९८४ मध्ये नेमके काय, कुठे, कसे घडले याचा अभ्यास करवून घेतला आणि मग मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सत्तरच्या आसपास. शांतता समिती त्याआधीही होतीच की! सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात चहा-बिस्किटे, नगरसेवक, दोन मौलाना, दोन मंडळांचे अध्यक्ष, फोटो आणि घरी. खोपड्यांनी नेमकी हीच माणसे बाजूला ठेवली. कमिटीत घेतले ते यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, छोटे दुकानदार, त्याच गल्लीत राहणारे, दोन्ही समाजांचे. आणि बैठकीत विषय कोणता? नळ, गटार, भाडेकरूचे भांडण, पोरांची मारामारी. धर्म हा विषयच नव्हता.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळी गंमत इथे आहे. गटाराच्या भांडणासाठी जो हिंदू शेजारी आणि जो मुस्लिम शेजारी महिन्यातून दोनदा एका सतरंजीवर बसतात, त्यांच्याकडे एकमेकांचा पत्ता असतो, स्वभावाची ओळख असते, आणि ‘हा माणूस खोटे सांगत नाही’ एवढी खात्री असते. रात्री अकराला कोणी येऊन सांगितले की अमक्या नाक्यावर आपल्या माणसाला मारले, तर तो त्या दुसऱ्या माणसाचे दार ठोठावून विचारू शकतो. ही ओळख दंगलीच्या दिवशी बनवता येत नाही. ती आधी बनवावी लागते, आणि दुसऱ्याच कामातून.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मृत्यू ९०० आहेत. तेव्हा खोपडे भिवंडीतून बदलून गेले होते, पण कमिट्या होत्या. भिवंडी शांत राहिली. ज्या शहराकडे सगळे श्वास रोखून पाहत होते, ते शहर!

या कमिट्या काही संस्था नव्हत्या. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. पोलिसांनी सुरू केलेले काम. पण मुंबईत १९९४ मध्ये हेच सूत्र घेऊन मोहल्ला कमिटी मूव्हमेंट उभी राहिली ती नागरिकांच्या पुढाकाराने. तिच्या सुरुवातीच्या माणसांत तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि उद्योगपती एफ. टी. खोराकीवाला होते. नावे नीट वाचा. रिबेरो हे गोवेकर मूळ असलेले कॅथलिक. हिंदू आणि मुसलमान यांच्यातला दुवा जोडायला एक ख्रिस्ती माणूस धारावीपासून आग्रीपाड्यापर्यंतच्या लोकांशी बोलत होता, आणि त्याचा फायदा असा की त्याला कोणीच ‘तू त्यांचा’ म्हणू शकत नव्हते. मध्यस्थ बरेचदा असा तिसरा लागतो. ख्रिस्ती-मुस्लिम वादात तो हिंदू शेजारी असू शकतो. आगरी पाटील, एखादी मास्तरीण, कोणीही. हे काम करायला आलीमच हवा किंवा फादरच हवेत असे नाही. याच कमिट्यांनी पोलीस आणि मोहल्ल्यातल्या पोरांचे क्रिकेट सामने लावले. वरवर पोरखेळ वाटतो. पण ज्या हवालदाराला पोराने बाद केले आहे, त्या हवालदारावर ते पोर दगड मारताना एकदा तरी विचार करते.

मुंबईतच १९९३ मध्ये डॉ. असगर अली इंजिनिअर यांनी ‘सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम’ सुरू केले. त्यांची पद्धत वेगळी: दंगल झाली की तिथे जायचे, दोन्हीकडच्या लोकांशी बोलायचे, कारणे लिहून काढायची. त्यांनी अनेक शहरांच्या दंगलींवर लिहिले, भिवंडीवरही. पुन्हा पुन्हा एकच निघत गेले: कारण धर्मग्रंथात सापडत नाही, ते बाजारात, जमिनीत आणि निवडणुकीत सापडते. मुनंबमला हाच चष्मा लावून पाहा.

महाराष्ट्राचा आणखी एक धागा पाचगणीला आहे. तिथे राजमोहन गांधींच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र. सुशोभा बर्वे याच चळवळीतून आल्या. आणि याच चळवळीशी संबंधित लोकांनी २००६ मध्ये एक माहितीपट काढला, ‘द इमाम अँड द पास्टर’. ख्रिस्ती-मुस्लिम संघर्षावर काम कसे होते, हे सांगायला त्याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

गोष्ट नायजेरियाच्या कदुना शहराची. १९९२ च्या हिंसाचारात इमाम मुहम्मद अशफा यांचे उस्ताद आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. पाद्री जेम्स वुये यांचा उजवा हात गेला. दोघेही तेव्हा आपापल्या बाजूच्या लढणाऱ्या तरुणांचे पुढारी होते, म्हणजे एकमेकांचे शत्रू. इमामसाहेब बदला घ्यायचा विचार करत होते. मग एका जुम्याच्या खुतब्यात ताइफची घटना ऐकली. प्रेषितांना (स.) दगड मारून रक्तबंबाळ केले गेले आणि तरी त्यांनी ताइफवाल्यांसाठी बददुआ केली नाही, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. अशफा यांनीही ऐकलेच होते, पण त्या दिवशी ते लागले. १९९५ मध्ये दोघांची गाठ घालून देण्यात आली आणि त्याच वर्षी त्यांनी कदुनात ‘इंटरफेथ मेडिएशन सेंटर’ सुरू केले.

मैत्री लगेच झाली नाही. प्रवासात एकाच खोलीत झोपायची वेळ आली तेव्हा झोपलेल्या इमामांच्या तोंडावर उशी दाबावी असे मनात आले होते, हे पाद्रींनी पुढे स्वतः सांगितले आहे. त्यांना बदलले ते चर्चांनी नव्हे. त्यांची आई आजारी पडली तेव्हा इमाम इतर काही इमामांना घेऊन भेटीला गेले. आजारी माणसाची विचारपूस करायला जाणे, ज्याला आपण ‘इयादत’ म्हणतो, एवढेच.

या केंद्राने काय केले? ऑगस्ट २००२ मध्ये कदुनात दोन्ही धर्माच्या वीसेक पुढाऱ्यांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आणि तीनच महिन्यांनी ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धेवरच्या एका लेखावरून त्याच शहरात दंगल होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. हे सांगणे भाग आहे, कारण सह्यांचा कागद दंगल थांबवतो असा समज आपल्याकडेही आहे. कागदाचा उपयोग दंगलीनंतर झाला: ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांना ‘तुम्ही कबूल केले होते’ असे म्हणून रस्त्यावर आणता आले. २००४ मध्ये येल्वा या गावात आधी ख्रिस्ती, मग त्याहून मोठ्या संख्येने मुस्लिम, असे शेकडो लोक मारले गेले, तेव्हा हे दोघे तिथे गेले आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवले. तिथे पहिले काम म्हणजे दोन्ही बाजूंना आपली दुःखे बोलू देणे आणि समोरच्याला ती मधे न तोडता ऐकायला लावणे. आपल्याकडच्या जात-पंचायतींनाही हे जमत नाही!

आता अफवेकडे येऊ. इंडोनेशियाच्या अंबोन बेटावर १९ जानेवारी १९९९ ला, ईदच्या दिवशी, एका बसवाल्याशी झालेल्या बाचाबाचीतून ख्रिस्ती-मुस्लिम युद्ध पेटले. हजारो मेले, लाखो बेघर झाले; फेब्रुवारी २००२ मध्ये मालिनोच्या करारानंतर ते निवळले. त्याच काळात तिथल्या मुस्लिम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायकांनी मिळून स्वतःची संघटना केली होती. पुरुष एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकू शकत नव्हते तेव्हा बायका भेटत होत्या.

सप्टेंबर २०११ मध्ये अंबोनला पुन्हा तीच वेळ आली. एका मुस्लिम दुचाकी-टॅक्सीवाल्याचा मृत्यू झाला आणि ख्रिस्ती लोकांनी त्याला मारले असा एसएमएस फिरला. काही माणसे मेली. पण तोवर पाद्री जॅकी मानुपुट्टी आणि मुस्लिम विद्वान आबिदीन वकानो यांनी तरुणांचे एक जाळे विणले होते, नाव ‘शांततेचे चिथावणीखोर’. नावातच टोमणा आहे. काम असे: अमकी मस्जिद जळाली असा मेसेज आला की त्या भागातला ख्रिस्ती तरुण आणि मुस्लिम तरुण, दोघे जाऊन बघणार, मस्जिद शाबूत असेल तर फोटो काढून दोन्ही बाजूंना पाठवणार. चर्चबाबतही तसेच. मुसलमानाने मुसलमानांना आणि ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती लोकांना सांगायचे. उलट केले तर कोणी विश्वास ठेवत नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी शहानिशा करण्याची जी ताकीद आहे, तिची ही सरळ अंमलबजावणी म्हणता येईल, आणि तीत एक पाद्री सामील होता.

या सगळ्यात मोठ्या परिषदांचे स्थान काय? २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुले पत्र लिहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अजहरचे शेख अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. हे हवेच, खालच्या माणसाला त्याचा आधार मिळतो. पण त्यानंतर अडीच महिन्यांत, २१ एप्रिल २०१९ ला, श्रीलंकेत ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्ब फुटून अडीचशेहून अधिक लोक ठार झाले. मारणारे आपल्याच धर्माचे नाव घेत होते. नेगोंबोच्या मुस्लिम शेजाऱ्याचा त्यात काही हात नव्हता, आणि तरी पुढच्या काही दिवसांत दगड त्याच्याच घरावर पडले. दूरच्या कोणाचा हिशेब दारातल्या माणसाकडून वसूल करायचा, ही दंगलीची नेहमीची रीत आहे.

अंजूरला हे वेगळे सांगायला नको. पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमाविरुद्ध पेशव्यांना बोलावण्यात पुढाकार घेणारे गंगाजी नाईक याच गावचे. १७३७ ला मोहीम निघाली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले. इथला ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र इथेच राहिला, कारण तो पोर्तुगीज नव्हताच. तो इथलाच होता, मराठीच्याच बोलीत भांडणारा. आज त्याचे वंशज वसईत आहेत. राज्य करणारा आणि शेजारी यांत फरक करता येतो, हे या गावाने पाहिले आहे.

तरी संस्थांकडून काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. त्या न्याय देऊ शकत नाहीत. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि त्याची अंमलबजावणी बहुतांशी राहून गेली; ती भरपाई कोणत्याही क्रिकेट सामन्याने होत नाही. ‘झाले गेले विसरा’ हे वाक्य ज्याचे घर जळले त्याला ऐकवणारी संस्था नकोच. दुसरे, हे काम माणसांवर चालते, आणि माणसे बदलली की मरते. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलीस गोळीबारात दोन नागरिक गेले आणि त्या रात्री जमावाने दोन पोलिसांना मारले. तो हिंदू-मुस्लिम दंगा नव्हता, पण १९९२ मध्ये मोहल्ला आणि पोलीस यांच्यात जो धागा होता तो तोवर झिजला होता, हे आमचे मत आहे. कमिट्या कागदावर उरल्या होत्या आणि कागदावरच्या यादीत पुन्हा तेच पुढारी शिरले होते. तिसरी अडचण पैशाची. बाहेरचा निधी आला की संशय येतो, कायद्याचा फास येतो. निधी नसला की दोन वर्षांत कार्यकर्ते थकतात. भिवंडीच्या कमिट्यांना निधी लागला नाही, कारण त्या भाड्याच्या हॉलमध्ये नव्हे, गल्लीतच बसायच्या.

मग भिवंडी आणि वसईच्या मधे काय करता येईल? वसईकडे यासाठी स्वतःचा एक धडा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, ती पाण्याच्या उपशाविरुद्ध आणि मनमानी बांधकामांविरुद्ध. धर्माची पाटी तिच्यावर नव्हती. फादर पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समिती आणि खोपड्यांच्या कमिट्या शेजारी ठेवून पाहिल्या की दोन्हीकडे माणसे जमली ती पाण्यासाठी, गटारासाठी, जमिनीसाठी.

आमच्याकडे जमाती आहेत, मदरसे आहेत, ‘मस्जिद परिचय’सारखे उपक्रम होतात. वसईत धर्मग्रामांची मंडळे आहेत, महिला गट आहेत. दोन्हीकडचे दहा-दहा साधे लोक निवडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्यात शक्यतो पुढारी नसावेत, निम्म्या बायका असाव्यात, एखादा दिवा-वसई गाडीने रोज जाणारा नोकरदार असावा. एकमेकांचे नंबर असावेत आणि मुनंबमसारखा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी त्या नंबरावर विचारायचे, एवढे ठरलेले असावे. २०२५ मध्ये रमजान आणि ख्रिस्ती उपवासकाळ दोन-तीन दिवसांच्या फरकाने सुरू झाले होते आणि २०२६ मध्ये तर जवळजवळ एकत्रच. अशा वर्षी एकमेकांच्या घरी जायला निमित्तही शोधावे लागत नाही.

पहिल्या बैठकीचा विषय मात्र चिंचोटी-अंजूरफाटा रस्त्याचे खड्डे हा ठेवावा. तो दोघांनाही सारखाच छळतो. आणि बैठक शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी ठेवू नये.